नोकरी गेली म्हणून किहीमला राहायला गेला आणि अख्ख्या देशाला पक्षी बघायला शिकवून गेला

फाल्गुन अर्धा सरला की चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात पानं कमी आणि रंग जास्त असतात. पळस पेटलेला असतो, सावरीच्या उघड्या फांद्यांवर लालभडक फुलं असतात, पांगाऱ्यालाही बहर आलेला असतो. थोड्या दिवसांनी मोहफुलं गळायला लागली की पहाटेच टोपल्या घेऊन बायाबापड्या झाडाखाली हजर.

याच दिवसांत जुनोन्याच्या तळ्यावर, इरई धरणाच्या काठावर, घोडाझरीला, चपराळ्याच्या वाटेवर सकाळी सहाच्या आत आणखी एक मंडळी दिसते. गळ्यात दुर्बीण, खिशात वही, अंगात मळकट हिरवे नाहीतर खाकी कपडे. ताडोब्याच्या गेटवर जिप्सीच्या रांगेत उभे असलेले लोक यांच्याकडे जरा दयेनंच बघतात. इतक्या लांब यायचं, इतकं लवकर उठायचं आणि वाघ सोडून पाखरं बघत बसायचं?

पण या मंडळींचं गणित पक्कं असतं. पानगळ झाल्यामुळे एरवी दाट पानांत लपणारा पक्षी आता उघड्यावर येतो. त्यात फुललेला पळस म्हणजे पाखरांची खाणावळ. एका झाडाखाली अर्धा तास शांत बसलं तरी मैना, बुलबुल, कोतवाल, शिंजीर, पोपट असे पाच-सात प्रकार मधासाठी येऊन जातात. तळ्यावर हिवाळ्याचे पाहुणे, म्हणजे चक्रवाक आणि बदकं, परतीच्या तयारीत असतात. जाणारे अजून गेलेले नाहीत आणि इथले गायला लागलेत, असे हे मोजके आठवडे.

मग कुणीतरी हळूच फांदीकडे बोट दाखवतं आणि ठरलेली प्रश्नावली सुरू होते. चिमणीएवढा की बुलबुलएवढा? शेपूट लांब की आखूड? चोच कशी? पोटाखालचा रंग कुठला? नवखा माणूसही चार प्रश्नांत पक्ष्याच्या नावापर्यंत पोचतो.

ही पद्धत इतकी अंगवळणी पडलीय की ती कुणीतरी आपल्याला शिकवली असेल, हे लक्षातच येत नाही. आपल्याकडे ती घरोघरी पोचवली डॉ. सलीम अली यांनी. ज्यांच्याकडे शास्त्रज्ञाच्या नोकरीसाठी लागणारी पदवी नव्हती, ज्यांची हातातली नोकरी गेली होती आणि ज्यांच्या शेवटच्या दिवसांतल्या एका मोठ्या बातमीचा एक धागा थेट गडचिरोलीच्या सिरोंच्याशी जोडलेला आहे.

गोष्ट सुरू होते मुंबईच्या खेतवाडीतून. १२ नोव्हेंबर १८९६ ला एका सुलेमानी बोहरा कुटुंबात सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म झाला. भावंडांत सगळ्यात धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी या पोरांना सांभाळलं. घराणं मोठं होतं. दुसरे एक मामा अब्बास तय्यबजी म्हणजे १९३० साली गांधीजींना अटक झाल्यावर धारासण्याच्या मीठ सत्याग्रहाची सूत्रं ज्यांच्याकडे आली ते.

लहानग्या सलीमला मात्र व्हायचं होतं शिकारी. मामांनी एअरगन घेऊन दिली आणि घराच्या आसपासच्या चिमण्यांवर संक्रांत आली. एकदा, साधारण १९०८ साली, त्याने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. नेहमीच्या चिमणीला तो नसतो. ही खायला चालते की नाही, असा त्या मुस्लिम घरातल्या पोराला प्रश्न पडला. चिमणी घेऊन तो मामांकडे गेला. मामांनाही ओळखता आली नाही. पण मामा बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे, म्हणजे आज सगळे ज्याला बीएनएचएस म्हणतात त्या संस्थेचे, सुरुवातीच्या भारतीय सभासदांपैकी होते. त्यांनी संस्थेचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी लिहून दिली.

त्या काळी गोऱ्या साहेबाच्या ऑफिसात एकट्यानं जाणं म्हणजे दहा-बारा वर्षांच्या पोरासाठी पोटात गोळा आणणारी गोष्ट. पण मिलार्ड साहेबांनी पोराला हुसकावलं नाही. ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी आहे असं सांगितलं, मग कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले पक्षी एकामागून एक दाखवले. भारतात इतक्या जातीचे पक्षी आहेत हे त्या मुलाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पुढे उतारवयात त्यांनी आत्मचरित्र लिहिलं, त्याच्या इंग्रजी नावातही हीच पडलेली चिमणी आहे. ही रानचिमणी काही दुर्मीळ नाही. चंद्रपूरच्या कोरड्या रानात आजही दिसते, फक्त साधी चिमणी समजून लोक तिच्याकडे बघत नाहीत.

आता इथून पुढे पोरगा हुशार निघाला, शिकला, शास्त्रज्ञ झाला असं वाटत असेल तर तसं काही घडलं नाही. डोकेदुखीनं शाळा मध्येच सुटायची. हवापालटासाठी त्याला सिंधला पाठवावं लागलं. १९१३ ला मॅट्रिक कसंबसं पास झाला. सेंट झेवियर्स कॉलेजात गेला, तिथंही पहिलं वर्ष जड गेलं आणि गडी कॉलेज सोडून ब्रह्मदेशात तवॉयला निघून गेला. तिथं घरच्यांचा वोल्फ्रामच्या खाणींचा आणि लाकडाचा धंदा होता. धंदा यथातथाच चालला, पण भोवतालच्या जंगलात पक्षी भरपूर होते. लक्ष कुठं राहिलं असेल ते वेगळं सांगायला नको.

१९१७ ला परत आल्यावर व्यापारी कायदा आणि हिशेब शिकायला दावर कॉलेजात नाव घातलं. सकाळी हिशेब शिकायचे आणि त्यासोबत झेवियर्समध्ये फादर ब्लॅटर यांच्या सांगण्यावरून प्राणिशास्त्र. १९१८ च्या डिसेंबरात नात्यातल्याच तेहमिना यांच्याशी लग्न झालं.

झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात पक्षितज्ज्ञाची जागा निघाली तेव्हा ती यांना मिळाली नाही. कारण सरळ होतं, विद्यापीठाची रीतसर पदवी नव्हती. शेवटी १९२६ ला मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या नव्या निसर्ग विभागात गाईड लेक्चरर म्हणून नोकरी लागली. पगार महिना ३५० रुपये. काम म्हणजे म्युझियममध्ये येणाऱ्या लोकांना आणि पोरांना प्राणी-पक्ष्यांची माहिती सांगायची. आज पक्षी निरीक्षणाच्या सहलीत पुढे चालणारा माणूस जे करतो, तेच काम, फक्त जिवंत पक्ष्यांऐवजी काचेआडच्या पक्ष्यांसमोर.

पण लवकरच त्यांना जाणवलं की आपल्याला येतंय त्यापेक्षा येत नाही ते जास्त आहे. १९२८ ला अभ्यासासाठी रजा काढली. ब्रिटिश म्युझियमकडून फार उत्साह दिसला नाही, म्हणून ते बर्लिनला गेले. तिथं एर्विन श्ट्रेझेमान नावाचे पक्षितज्ज्ञ होते. त्यांनी या भारतीय विद्यार्थ्याला हातचं न राखता शिकवलं. सलीम अली आयुष्यभर त्यांना गुरू मानत राहिले. जर्मनीतच हेल्गोलांड बेटावर पक्ष्यांच्या पायात कडी घालून त्यांचा प्रवास कसा शोधतात तेही त्यांनी पाहिलं.

१९३० ला मुंबईत परतले तर नोकरीच नव्हती. म्युझियमकडे पैसे नव्हते, गाईड लेक्चररची जागाच रद्द झालेली. वय ३३, हातात परदेशी शिक्षण आणि खिसा रिकामा. मुंबईचं भाडं परवडेना, म्हणून नवरा-बायको अलिबागजवळच्या किहीम गावात राहायला गेले. तिथं कुटुंबाचं घर होतं.

याच बेकारीत सलीम अलींनी ते काम केलं ज्यामुळे त्यांचं नाव जगभरच्या पक्षितज्ज्ञांना कळलं. घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. शिडीला कापडाचा आडोसा करून ते तासन् तास बसायचे. खोपे किती, कोण विणतंय, कोण येऊन बघून जातंय, सगळ्याची नोंद.

मराठी माणसाला सुगरण म्हटलं की बहिणाबाईंची कविता आठवते, आणि नावही बाईमाणसाचं. त्यामुळे खोपा मादी बांधते असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात विणकाम नराचं. नर खोपा अर्धा विणतो आणि थांबतो. मग माद्या येतात, आत शिरून तपासणी करतात. पसंत पडला तर एखादी ताबा घेते आणि त्यानंतरच नर उरलेला खोपा, ती लांब नळी वगैरे, पूर्ण करतो. इथपर्यंत गोष्ट गोड आहे. पण मादी अंड्यावर बसली की हा पठ्ठ्या शेजारी दुसरा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. मग जमलं तर तिसरा. नापसंत झालेले अर्धवट खोपे तसेच लटकत राहतात. सलीम अलींनी हे सगळं क्रमानं उलगडून १९३१ ला बीएनएचएसच्या जर्नलमध्ये मांडलं. चंद्रपूरकडे धानाच्या बांधावरच्या शिंदीला पावसाळ्यात असे खोपे लटकताना दिसले तर त्यात अर्धेमुर्धे किती आहेत ते मोजून बघा.

याच सुमाराचं त्यांचं आणखी एक काम पळसाशी जोडलेलं आहे. १९३२ ला त्यांनी फुलांवर जाणारे पक्षी आणि पक्ष्यांवर अवलंबून असलेली फुलं या विषयावर लेख लिहिला. फुलपाखरं आणि मधमाश्या परागकण नेतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण सावर, पांगारा, पळस यांची मोठी, लाल-केशरी, मधानं भरलेली फुलं म्हणजे पक्ष्यांना दिलेलं आमंत्रण असतं. पक्षी मध पितो, त्याच्या कपाळाला आणि गळ्याला पराग लागतात आणि पुढच्या झाडापर्यंत पोचतात. मार्चमध्ये ताडोब्याच्या वाटेवर पळसातून बाहेर पडलेल्या मैनेचं डोकं पिवळट दिसलं तर ती आजारी नाही, ड्युटीवर आहे.

पोटापाण्याचं काय? त्यावर सलीम अलींनी शोधलेला मार्ग भन्नाट होता. संस्थानांत कुठले पक्षी आहेत याची पद्धतशीर नोंद कुणी केली नव्हती. त्यांनी प्रस्ताव मांडला, की संस्थानाने मुक्कामाचा आणि प्रवासाचा खर्च करावा, आपण पक्ष्यांचं सर्वेक्षण करून देऊ. स्वतःसाठी पगार नाही. हैदराबाद, कोचीन, त्रावणकोर, पुढे भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर. १९३१-३२ ला हैदराबादपासून सुरुवात झाली. निजामाचं राज्य तेव्हा मराठवाडाभर आणि वर आदिलाबादच्या जंगलापर्यंत पसरलेलं होतं. वर्धा आणि प्राणहिता ओलांडली की समोर ब्रिटिशांच्या मध्य प्रांतातला चांदा जिल्हा, आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली. नद्यांच्या दोन्ही काठांना सागाचं तेच रान, गोंडांची तीच गावं. पक्ष्यांना संस्थान आणि प्रांत कळत नव्हते, कागदाला कळत होते.

या सगळ्या भटकंतीत तेहमिना सोबत असायच्या. इंग्लंडमध्ये शिकलेली, शहरात वाढलेली ही बाई बैलगाडीच्या प्रवासात आणि तंबूत खूश असायची. मुक्कामाची व्यवस्था, हिशेब, नवऱ्याच्या इंग्रजी लिखाणावरून हात फिरवणं, सगळं त्या बघायच्या. १९३९ ला एका साध्या ऑपरेशननंतर रक्तात विष पसरलं आणि त्या गेल्या. सलीम अली ४२ वर्षांचे होते. मूल नव्हतं. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. पाली हिलला बहीण कामू आणि मेहुणे हसन अली यांच्याकडे राहायला गेले आणि उरलेलं जवळजवळ अर्धं शतक पक्ष्यांना दिलं.

दोन वर्षांनी, १९४१ ला, त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं. त्याआधीही पुस्तकं होती, पण जाडजूड, अनेक खंडांची, हातात मेलेला पक्षी धरून वाचायची. सलीम अलींनी उलटं केलं. ज्याला पक्ष्याचं नावच माहीत नाही त्यानं काय दिसलं यावरून नाव कसं शोधायचं, यासाठी पुस्तक लिहिलं. म्हणून मापाला चिमणी, बुलबुल, मैना, कावळा, घार. प्रत्येक पक्ष्याचं रंगीत चित्र, तो कुठं राहतो, कसा ओरडतो, घरटं कधी करतो, एवढंच. जवाहरलाल नेहरूंनी ते तुरुंगातून इंदिरेसाठी पाठवलं होतं आणि नैनीच्या तुरुंगात इंदिरा गांधींना पक्ष्यांची गोडी त्यातूनच लागली. पुढे सायलेंट व्हॅलीचं जंगल धरणाखाली जाण्यापासून वाचलं, त्यात सलीम अलींचा शब्द दिल्लीत ऐकला जायचा याचा वाटा होता.

स्वातंत्र्यानंतर गोरे सभासद निघून गेले आणि बीएनएचएस बंद पडायची वेळ आली. तेव्हा नेहरूंना पत्र लिहून मदत मिळवणारेही हेच. १९७५ ला त्यांना जे. पॉल गेटी पुरस्काराचे ५० हजार डॉलर मिळाले, ते त्यांनी संस्थेलाच देऊन टाकले. पद्मभूषण १९५८, पद्मविभूषण १९७६, १९८५ ला राज्यसभा. अमेरिकेच्या डिलन रिप्ले यांच्यासोबत लिहिलेला भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात दहा खंडांत बाहेर पडला. शेवटचा खंड आला तेव्हा म्हातारा ७७ वर्षांचा होता.

मोटरसायकलचं वेड हा वेगळाच किस्सा. १९५० ला स्वीडनमध्ये उप्साला इथं पक्षितज्ज्ञांची जागतिक परिषद होती. हे आपली सनबीम मोटरसायकल बोटीनं युरोपला घेऊन गेले आणि तिथून गाडी चालवत परिषदेला पोचले. हा माणूस भारतातून थेट बाईकवर आलाय अशी तिथं अफवा उठली. ती खरी नव्हती याचं त्यांना वाईट वाटलं म्हणतात.

आता जरा न आवडणाऱ्या गोष्टी. सलीम अलींनी आयुष्यात भरपूर पक्षी मारले. शास्त्रीय संग्रहासाठी कातडी हवीच, त्याशिवाय ओळख पक्की होत नाही, असं त्यांचं मत शेवटपर्यंत होतं. त्या काळच्या विज्ञानाचा तो नियमच होता, पण त्यांना देवमाणूस करून टाकणाऱ्या पोस्टमध्ये हे कुणी लिहीत नाही.

दुसरी गोष्ट भरतपूरची. महाराजांच्या शिकारीचं हे तळं पक्ष्यांसाठी राखीव झालं, त्यामागे त्यांचे मोठे प्रयत्न होते. तिथली गुरांची चराई बंद व्हावी असं त्यांचं म्हणणं होतं. १९८२ ला बंदी आली, गावकरी चिडले, नोव्हेंबरात पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात माणसं मेली. पुढं बीएनएचएसनंच अनेक वर्षं अभ्यास केला तेव्हा निष्कर्ष उलटा आला. म्हशी चरायच्या थांबल्यामुळे गवत माजलं आणि पाणपक्ष्यांना मोकळं पाणीच उरलं नाही. सलीम अलींनी उभ्या केलेल्या संस्थेनं त्यांचीच समजूत खोटी ठरवली आणि ते छापलंही. गडचिरोलीत जंगल कुणाचं हा प्रश्न मेंढा-लेखापासून आजवर जिवंत आहे, तिथं ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगण्यासारखी आहे.

तिसरी गोष्ट त्यांच्या मित्राची. कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागन हा ब्रिटिश लष्करातला नामांकित पक्षितज्ज्ञ. १९३७ ला सलीम अली त्याच्यासोबत अफगाणिस्तानात पक्षी शोधायला गेले होते. या गृहस्थानं डायरीत सलीम अलींबद्दल आणि एकूणच भारतीयांबद्दल वाईट लिहून ठेवलं होतं. सलीम अलींनी ते वाचलं आणि मजा वाटून आपल्या आत्मचरित्रात घेतलं. पण खरी गंमत त्यांच्या मृत्यूनंतर उघड झाली. हा कर्नल म्युझियममधले पक्षी चोरून त्यांना खोट्या चिठ्ठ्या लावायचा. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड १८८४ नंतर कुणाला मिळालं नव्हतं. फक्त याच्याकडे १९१४ चा गुजरातमधला म्हणून एक नमुना होता. तो चोरीचा निघाला. सत्तरच्या दशकात सलीम अली आणि रिप्ले रानपिंगळा शोधत फिरले, त्यांच्या हाती काही लागलं नाही. खोटी चिठ्ठी बाजूला ठेवून जुने खरे नमुने जिथले होते तिकडे अमेरिकी पक्षितज्ज्ञ गेले, तेव्हा १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ रानपिंगळा दिवसाढवळ्या फांदीवर बसलेला दिसला. सलीम अलींना जाऊन तोवर दहा वर्षं झाली होती.

दुसऱ्या एका हरवलेल्या पक्ष्याची बातमी मात्र त्यांना जिवंतपणी मिळाली, आणि तिथं सिरोंचा येतं.

एकोणिसाव्या शतकात थॉमस जेर्डन नावाच्या इंग्रज लष्करी डॉक्टरला आंध्रच्या बाजूला एक विचित्र पक्षी मिळाला. उंच पायांचा, मोठ्या डोळ्यांचा, छातीवर दोन पट्टे, उडण्यापेक्षा पळणं पसंत करणारा. १८४८ ला त्याची शास्त्रीय नोंद झाली. मराठीत त्याला जेर्डनचा धाविक म्हणतात. १८७० च्या सुमारास विल्यम ब्लॅनफर्ड हा भूगर्भशास्त्रज्ञ गोदावरीच्या खोऱ्यात खडक तपासत फिरत होता, तेव्हा त्याला हा पक्षी सिरोंचा आणि भद्राचलमच्या परिसरात आढळला. सिरोंचा तेव्हा अप्पर गोदावरी जिल्ह्याचं मुख्य ठिकाण होतं. महाराष्ट्रात आज मोडणाऱ्या भूभागातली या पक्ष्याची ओळख आहे ती तेवढीच.

१९०० साली अनंतपूरजवळ तो शेवटचा दिसला आणि मग गायब. पूर्व घाटाचं मोठं सर्वेक्षण झालं, त्यात नाही. पुढच्या मोहिमांत नाही. पुस्तकातून तो जवळपास नामशेष म्हणून बाद व्हायला आला. सलीम अली मात्र हरवलेल्या पक्ष्यांच्या बाबतीत हटवादी होते. हिमालयातली डोंगरी लावरी त्यांना शेवटपर्यंत मिळाली नाही, पण बीएनएचएसनं धाविकाचा शोध सोडला नाही. ऐंशीच्या दशकात संस्थेचे भरत भूषण कडप्पा जिल्ह्यात उतरले. त्यांनी एक साधी गोष्ट केली. पक्ष्याची चित्रं घेऊन ते तिथल्या पाखरं पकडणाऱ्या लोकांना भेटत राहिले. त्या लोकांकडे या पक्ष्याला नावसुद्धा होतं, कलिवी कोडी. म्हणजे शास्त्राच्या लेखी पक्षी ८६ वर्षं बेपत्ता होता आणि कलिवीच्या झुडपांत रात्री फिरणाऱ्या माणसाच्या लेखी तो तिथंच होता. १९८६ च्या जानेवारीत अशाच एका पारध्यानं रात्री बॅटरीच्या उजेडात तो पकडून आणला.

एवढी वर्षं तो का सापडला नाही याचंही उत्तर मिळालं. सगळे याला दिवसा शोधत होते. हा गडी निशाचर निघाला. काटेरी झुडपं आणि मधे मोकळी जमीन, एवढंच त्याचं घर. असल्या जागेला सरकारी कागदात बहुतेक वेळा पडीक म्हणतात. कडप्प्यात त्याच्यासाठी लंकामल्लेश्वर अभयारण्य झालं आणि पुढं तिथून जाणाऱ्या कालव्याचा मार्गही बदलावा लागला.

ती बातमी आली तेव्हा सलीम अली ८९ वर्षांचे होते. कॅन्सरनं गाठलं होतं. २० जून १९८७ ला मुंबईत ते गेले. त्यांच्या नावानं कोइमतूरजवळ संशोधन संस्था उभी राहिली, गोव्यात चोडणला खारफुटीतलं अभयारण्य आहे, औरंगाबादेत तळं आहे. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह होतो. त्याचा पहिला दिवस चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकांना घरच्यासारख्या वाटणाऱ्या मारुती चितमपल्लींच्या जन्माचा आणि शेवटचा सलीम अलींच्या जन्माचा.

कडप्प्यातही तो धाविक नंतर वर्षानुवर्षं दिसेनासा झाला. सिरोंच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये पक्षी बघायला जाणारे गट आजही बहुतेक वेळा सूर्योदयाला पोचतात, प्राणहितेच्या पात्रात टिटव्या, नदीसुरय आणि बगळे मोजतात, ऊन चढलं की वडाधामचे जीवाश्म बघून परत फिरतात. नदीपासून आत, सागाचं रान विरळ होऊन काटेरी झुडपं सुरू होतात तिथं अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन फिरण्यासाठी वनखात्याची परवानगी लागते आणि सोबत त्या वाटा ओळखणारा गावातला माणूस लागतो. तिथल्या पाखरं ओळखणाऱ्या म्हाताऱ्यांची भाषा बहुतेक तेलुगू किंवा माडिया असते. चित्र दाखवून विचारावं लागतं.